नाना बघतायत

आमच्या घरात बापाने लेकराला उचलायचं नाही. म्हणजे उचलायचं, पण नानांसमोर नाही. नाना म्हणजे माझे सासरे. एसटीत कंट्रोलर होते, धुळ्याच्या स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारण्यात उभा जन्म गेला, त्यामुळे घरात साधं पाणी मागितलं तरी शिंदखेड्याची गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटतं. वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या पोराला मांडीवर घेणं, त्याचा पापा घेणं म्हणजे त्यांच्या मते शुद्ध निर्लज्जपणा. लाड आजोबांनी करावेत, आत्याने करावेत, शेजारणीने करावेत. बापाने नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बारशाच्या दिवशी मी बाळ नवऱ्याच्या हातात द्यायला गेले, तर तो विंचू बघितल्यासारखा मागे सरकला, आणि माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, मधल्यामध्ये बाळ झेललं.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात असं कुठे असतं? या की आमच्या देवपुरात, दाखवते. बरं, नाना काही वाईट माणूस नव्हेत. आमच्या हेमांगीचे पाय त्यांनी जमिनीला लागू दिले नाहीत. दिवसभर हेमू त्यांच्या मांडीवर, दोघं झोपाळ्यावर, आणि कड्यांची करकर. सहा वर्षांची घोडी झाली तरी नानांच्या हातून जेवते. मी ओरडले की नाना माझ्याकडे न बघता भिंतीला सांगतात, "आमनी पोर शे, आमी भरावसूत." झालं. भिंतीला काय उत्तर देणार?

नवऱ्याचं नाव प्रेमराज. आम्ही एका कॉलेजात होतो, त्यामुळे खोलीचं दार लोटलं की 'अरे', दार उघडलं की 'अहो'. तो जळगावला एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात मशीनची देखभाल बघायचा. आठवडाभर तिकडे खोलीवर, शनिवारी संध्याकाळी घरी. तो आला की हेमू धावत यायची आणि उंबऱ्याशी थांबायची. तोही थांबायचा. "काय, अभ्यास केला का?" एवढंच. पोरगी मान हलवून परत झोपाळ्यावर. घरी पाहुणा आल्यासारखं.

पण रविवारी सकाळी तो पेट्रोल टाकायला म्हणून मोटारसायकल काढायचा आणि हेमू मागे बसायची. एकवीरा देवीच्या देवळापाशी गाडी लावली की पोरगी थेट त्याच्या खांद्यावर. मी एकदा बरोबर गेले होते म्हणून सांगते. पांझरा नदीच्या काठाने तो पळत होता, ती त्याचे दोन्ही कान लगामासारखे धरून ओरडत होती, आणि तो घोड्यासारखा खिंकाळत होता. हा माणूस! कारखान्यात ज्याच्या आवाजाने पोरं चळाचळा कापतात, तो! मग परतताना आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तो गंभीर तोंड करायचा आणि सांगायचा, "हेमू, नानांना नाही सांगायचं हं. हे आपलं दोघांचं." आणि हेमूने कधीच सांगितलं नाही. एरवी तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी शेजारणीबद्दल काय बोलले ते शेजारणीला जाऊन सांगणारी पोर, पण हे एक तिने जिवापाड राखलं.

मग जर्मनीचं निघालं. तिकडच्या पाइपच्या कारखान्यात प्रेमराजला नोकरी मिळाली. गल्लीत पेढे वाटले, अक्कांनी देवीची ओटी भरली. अडलं ते हेमूच्या शाळेवर. त्या गावात इंग्रजीतून शिकवणारी एकच शाळा, आणि आमची हेमू जर्मन शाळेत जाऊन काय करणार होती, डोंबल? कंपनीचा नियम असा की मुलाची शाळा पक्की झाल्याशिवाय कुटुंबाची कागदपत्रं ते हातात घेणार नाहीत. नवऱ्याने एकट्याने जायचं, आणि निदान दोन वर्षं एकट्यानेच राहायचं. पुण्याहून हितेंद्र नावाचा कंपनीचा माणूस आमचं काम बघत होता. तो म्हणाला, "काळजी करू नका ताई, शाळेच्या बाई व्हिडिओवर कुटुंबाशी गप्पा मारतात, मुलगी किती मोकळी आहे ते बघतात, बस्स."

मोकळी! मी महिनाभर हेमूकडून इंग्रजीतून रंग, फळं, प्राणी घोटून घेतले. चुकीच्या गोष्टीला घाबरत होते मी.

त्या दिवशी लॅपटॉप पुढच्या खोलीत ठेवला, कारण वायफाय तिथेच नीट येतं. नानांना अक्कांमार्फत सांगितलं, आत बसा. तर भिंतीला उत्तर, "नातनी शाळा शे, मी इथंच बससू." बसले झोपाळ्यावर, कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला. हेमू माझ्याजवळ. प्रेमराज दाराजवळच्या खुर्चीत, एवढा कडेला की पडद्यावर त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. पलीकडे शाळेच्या गोऱ्या बाई, हसतमुख, आणि दुसऱ्या चौकटीत मराठीतून सांगणारी एक दुभाषी, बोलण्यावरून पुण्याची.

सुरुवात छान झाली. हेमूने रंग सांगितले, हत्ती सांगितला. मग बाईंनी विचारलं, घरात तुझ्याशी कोण खेळतं?

"नाना."

गोष्टी कोण सांगतं?

"नाना."

आणि पप्पा?

हेमूने मान वळवून झोपाळ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "पप्पा नाही खेळत."

बाईंनी प्रेमराजला हसून सांगितलं, तुम्ही जरा मुलीजवळ बसा ना, तिघांना एकत्र बघू. तो उठला, आणि तेवढ्यात नाना खाकरले. उगाच, घसा साफ करायला. पण प्रेमराज उठल्या जागी थिजला आणि खुर्ची घेऊन होता त्याहून लांब बसला. मी मनात म्हटलं, कप्पाळ माझं.

बाईंचं हसू थोडं कमी झालं. पप्पांबरोबर तुला काय करायला आवडतं, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"ते सांगायचं नाही," हेमू म्हणाली.

का बरं?

"पप्पांनी सांगितलंय. ते आमचं दोघांचं आहे. सांगितलं तर घरात सगळे रागवतील."

मला हसू आलं. देवाशप्पथ सांगते, मी हसले. घोड्याचं गुपित आता फुटतंय की काय, म्हणून हसले. दुभाषी बाई हसली नाही. तिने शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. शाळेच्या बाईंनी मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं, मग आम्हा सगळ्यांचे आभार मानले आणि पडदा काळा झाला.

हितेंद्रचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होते. मे महिना, पायाला चटके, आणि तो फोनवर घसा खाकरून म्हणतो, "ताई, शाळेने नाही म्हटलेलं नाही. पण त्यांच्या समुपदेशक बाईंना तुमच्याशी पुन्हा बोलायचंय. मुलगी वडिलांना घाबरते असं त्यांना वाटलं. आणि ते गुपिताचं जे बोलली ना ती, ते त्यांनी फार गंभीरपणे घेतलंय."

"अहो, काय गुपित? तो तिला खांद्यावर घेतो!"

"मला कळतंय हो. पण तिकडे एखादं मूल म्हणालं की वडिलांनी सांगितलंय कुणाला सांगू नको, की त्यांच्या डोक्यात दुसरंच येतं. तुम्ही समजून घ्या."

मी समजले. समजले आणि हातातला ओला बिबडा तसाच गळून पडला. मी विचारलं, पटलं नाही तर काय करतील? तो म्हणाला, प्रवेश देणार नाहीत. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, तिकडे मुलांचं बघणारं सरकारी खातं असतं, शाळेला शंका आली तर त्यांना कळवावं लागतं, म्हणजे तसं होईलच असं नाही. आणि शेवटी, "मुलीला काही पढवू नका, ताई. त्यांना लगेच कळतं. पढवलेलं दिसलं तर सगळंच संपलं."

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? जे पाठ करून घेतलं ते तिने सांगितलं, आणि जे गप्प ठेवायला सांगितलं तेही तिने इमानाने पाळलं. पोर कुठेच चुकली नव्हती.

त्या दिवसापासून माझं जेवण तुटलं. माझ्या भावजयीला बुद्धी झाली आणि तिने मला मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ पाठवले. परदेशात कुणाची लेकरं सरकारने नेली, आई रस्त्यावर बसून रडतेय. खरं किती, खोटं किती, देव जाणे. मी मोबाइल पिठाच्या डब्यामागे ठेवून द्यायचे आणि पुन्हा काढून बघायचे. हेमू न्हाणीत असली तरी मी दाराबाहेर उभी. शाळेची जागा गेली तर नवरा एकटा जाईल, पोरगी बापाशिवाय वाढेल. आणि जागा मिळून तिकडे गेलो, आणि कुणी दारावर येऊन हिचा हात धरला तर? त्या गावात मी कुणाला हाक मारणार होते? मला तर 'वाचवा' हा शब्दसुद्धा त्यांच्या भाषेत येत नव्हता.

आणि एक गोष्ट सांगते, ती माझ्या आईलाही मी सांगितलेली नाही. एका दुपारी भाजी निवडताना माझ्या मनात आलं, मी तर एकदाच बरोबर गेले होते. बाकीच्या रविवारी? बस, एवढंच आलं. मी विळी बाजूला सारली आणि नळाखाली तोंड धरलं. माझा नवरा, ज्याला मी एकोणिसाव्या वर्षापासून ओळखते! मला त्या शाळेचा, त्या हितेंद्रचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा असा संताप आला की सांगता सोय नाही. भीती माणसाला किती नीच करते, ते मला त्या दिवशी कळलं.

शनिवारी प्रेमराज आला. फोनवर त्याला मी सगळं सांगितलं होतं. तोंड काळवंडलं होतं त्याचं. उंबऱ्याशी हेमू उभी होती, तर अभ्यासाचंही न विचारता तो आत गेला. रविवारी सकाळी हेमूने आपल्या आपण चपला घातल्या आणि मोटारसायकलजवळ जाऊन उभी राहिली. तो ओट्यावर आला आणि म्हणाला, "आज नाही."

"का?"

"काम आहे."

पोरगी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग त्याच्याजवळ जाऊन, नानांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "पप्पा, मी नाही सांगितलं कुणाला. त्या बाईंनी विचारलं तरी नाही सांगितलं."

प्रेमराज आत निघून गेला. मी मागोमाग गेले, तर हा खोलीत भिंतीशी उभा, दोन्ही हात शर्टाच्या बाह्यांत ओढून घेतल्यासारखे. म्हणाला, "दिपा, मला आता तिला हात लावायचीच भीती वाटते. कुणी बघितलं तर काय म्हणेल? मी एकटाच जातो. तुम्ही दोघी इथेच राहा."

"आणि ती मोठी होईल तोवर बाप फोनमध्ये बघायचा का तिने?"

त्याने बाह्या आणखी खाली ओढल्या. मी म्हटलं, "नानांशी बोल."

"वेडी आहेस का? काय बोलू? मी चोरून माझ्या पोरीचे लाड करतो, असं?"

म्हणजे एका प्रश्नाने त्या बाईंनी पोरीचा बाप काढून घेतला होता, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं. त्यांच्यावर तरी का ओरडू? त्यांनी जे बघितलं ते खरंच होतं. पोरगी घाबरली होती. फक्त कुणाला आणि कशासाठी, ते त्यांना दिसलं नाही. ते सांगायला पोरीचं तोंड उघडायला हवं होतं, आणि ते उघडण्याची किल्ली या घरात एकाच माणसाकडे होती.

सोमवारी प्रेमराज जळगावला गेला, हेमू शेजारी खेळायला गेली, आणि मी जाऊन झोपाळ्यासमोर उभी राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नानांशी मी थेट कधी बोलले नव्हते. जे सांगायचं ते अक्कांमार्फत. स्वयंपाकघरातून अक्का डोळे मोठे करून मला खुणावत होत्या, परत ये म्हणून.

"नाना, मला तुमच्याशी बोलायचंय."

झोपाळा थांबला. मी सगळं सांगितलं. पेट्रोलचं, नदीचं, घोड्याचं, 'नानांना सांगायचं नाही'चं, आणि ती बाई काय समजली तेही. ते सांगताना माझी मान वर होईना, पण सांगितलं. नानांचा चेहरा तांबडालाल झाला. ते चिडले की अहिराणी सोडून एकदम स्टँडवरच्या मराठीवर येतात.

"म्हणजे दोष माझा? मी काय राक्षस आहे? या घराला काही रीत आहे का नाही?"

"रीत आहे, नाना. पण तिकडे कुणी म्हणतंय की तुमचा मुलगा त्याच्या लेकीशी वाईट वागतो. हे तुम्हाला चालेल का?"

आत अक्कांच्या हातातली परात वाजली. नानांनी झोपाळ्याची कडी हातात धरली. मग कुणाला तरी दुसऱ्यालाच सांगावं तसे म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाला मूलबाळ नव्हतं. एका घरात राहायचो आम्ही. प्रेमराज झाला तेव्हा आमच्या आबांनी, माझ्या वडिलांनी, मला सांगितलं, भावासमोर पोराला मांडीवर घेऊ नको, त्याला बघवणार नाही. मी नाही घेतलं. भाऊ गेला तेव्हा प्रेमराज मॅट्रिकला होता. मॅट्रिकच्या पोराला मांडीवर घेऊ का?"

ते उठून चपला घालून बाहेर गेले. हेमूला मोकळं करा, तिला एकदा सांगा की बोललीस तरी चालेल, एवढंच मला मागायचं होतं, आणि तेच राहून गेलं. नंतर ते या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं.

शाळेच्या दुसऱ्या व्हिडिओ कॉलच्या दिवशी प्रेमराज सुट्टी टाकून आला. मी नानांना अक्कांमार्फत सुचवलं की थोडा वेळ देवळात जाऊन या. गेले नाहीत. इस्त्रीचा सदरा घालून झोपाळ्यावर बसले. लॅपटॉपची वायर माझ्याकडून खोबणीत जाईना.

या वेळी समोर वेगळ्या बाई होत्या, वयाने मोठ्या, पांढऱ्या केसांच्या. दुभाषी तीच. त्या म्हणाल्या, मुलीला जिथे आवडेल तिथे बसू दे. हेमू सरळ नानांच्या मांडीवर जाऊन बसली. बाईंनी सांगितलं, कॅमेरा तिकडे वळवा. मी वळवला, तसा झोपाळा आणि दार दोन्ही पडद्यावर आलं. प्रेमराज दारापाशी उभा, बसलाच नाही.

बाईंनी तिला मांजराबद्दल, मैत्रिणींबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, तुझं आणि पप्पांचं एक गुपित आहे ना? ते मला नाही सांगितलंस तरी चालेल. पण सांगितलं तर कोण रागवेल?

हेमू नानांच्या सदऱ्याचं बटण चाळवत राहिली. बोल गं बाई, बोल. आणि मी तोंड उघडू शकत नव्हते.

"नाना," हेमू म्हणाली. ज्यांच्या मांडीवर बसली होती त्यांच्याकडे न बघता. "माझ्यावर नाही. पप्पांवर."

ते पप्पांवर कधी रागावले होते का?

"हो. मी झोपाळ्यावरून पडले होते. रक्त आलं होतं. पप्पांनी मला उचललं. नाना ओरडले. मग पप्पांनी मला खाली ठेवलं." तिने हनुवटीवरची खूण बोटाने दाखवली. "मी रडत होते, तरी ठेवलं."

अगं आई गं! अडीच वर्षांची होती ती तेव्हा. घरात पाहुणे होते, आणि नाना गरजले होते, बायकांसारखं काय कवटाळून बसलास, ठेव खाली! मला वाटत होतं पोर विसरली. दुभाषी सांगत होती आणि तिकडे त्या बाई लिहीत होत्या, आणि मला दिसत होतं की सगळं हातातून चाललंय. ओरडणारा आजोबा, रडत्या पोरीला खाली ठेवणारा बाप, रक्त. सगळं खरं. एकही शब्द खोटा नाही. मी प्रेमराजकडे बघितलं तर त्याने डोळे मिटून घेतले होते.

झोपाळ्याची करकर थांबली. नानांनी पाय टेकवले. हेमूला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि तिला घेऊन ते दाराशी गेले. वडील जवळ आले म्हणून प्रेमराज सवयीने मागे सरकला, पण मागे भिंत होती.

"ले," नाना म्हणाले.

प्रेमराजचे हात उचलेनात. खरंच सांगते, त्या माणसाचे हात खांद्यापासून मेल्यासारखे लोंबत होते. पोरगी मध्येच अधांतरी, नानांचे हात कापायला लागले होते.

"ले ना रे! तुनीच आंडेर शे ना?" तुझीच लेक आहे ना, असं म्हणाले ते, आणि तो आवाज स्टँडवरचा नव्हता. तसला आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

प्रेमराजने घेतली. बारशाला जी माझ्या हातून घेतली नव्हती ती वडिलांच्या हातून घेतली. हेमू अंग आखडून त्याच्या कडेवर बसली आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "पप्पा, खाली ठेवा. नाना बघतायत."

तेव्हा नाना वळले. खोलीकडे पाठ केली, आणि कोपऱ्यातल्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी नही देखस, बेटा," ते भिंतीला म्हणाले. "मी नही देखस."

हेमूने एकदा त्या पाठीकडे बघितलं, एकदा बापाकडे. मग एक पाय टाकून ती त्याच्या खांद्यावर चढली आणि दोन्ही हातांनी त्याचे कान धरले. हा माणूस कान तिच्या हातात देऊन उभा राहिला आणि ढसाढसा रडला.

शाळेचा होकार पुढच्या आठवड्यात आला, ते सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. पण त्या घटकेला मला ते ठाऊक नव्हतं. मला फक्त त्या बाई दिसत होत्या, चष्मा काढून पडद्याजवळ आलेल्या. दुभाषीने मला विचारलं, "आजोबा काय म्हणाले? मला ती बोली समजली नाही. आणि ते भिंतीकडे तोंड करून का उभे आहेत? बाई विचारतायत."

मी सांगितलं. म्हटलं, ते म्हणाले, मी बघत नाहीये. त्यांच्यासमोर त्यांच्या मुलाला स्वतःच्या लेकीला घेता येत नाही. म्हणून ते बघत नाहीयेत. इतकं सांगितलं आणि माझा बांध फुटला.

दुभाषीने ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी हळूच एक विचारलं, आणि दुभाषीने ते मला विचारलं.

"ते असे किती वेळ उभे राहणार?"

मी म्हटलं, "हे तिला खाली ठेवेपर्यंत."

आतून अक्का स्टूल घेऊन आल्या आणि नानांच्या मागे ठेवलं, कारण त्यांचे गुडघे थरथरत होते. नाना स्टुलावर बसले, पण तोंड भिंतीकडेच. आणि प्रेमराजने हेमूला खाली ठेवलंच नाही.